इंजिन पुन्हा बांधताना फिरत्या भागांचे बॅलन्सिंग: रोजच्या वापराच्या गाडीला ते कितपत लागते?

मूळ प्रश्न

माझ्या रोजच्या वापरातल्या गाडीचे चार सिलिंडरचे, एका रांगेतले पेट्रोल इंजिन सध्या पूर्ण उघडलेले आहे. बोअर झिजले होते, म्हणून ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइजला रिबोअर करून घेतला, क्रँकचे (पिस्टनची वर-खाली गती फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचे) जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, ०.२५ मिमी अंडरसाइजला ग्राइंड झाले, आणि तिसऱ्या सिलिंडरचा, पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाल्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनातून काढलेला एक रॉड मिळवला. पिस्टन चारही नवे आहेत, पण ते मूळ उत्पादकाचे नाहीत.

सहज म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सगळे तोलून पाहिले आणि त्यातून हा प्रश्न उभा राहिला. जुने पिस्टन पिन व रिंगांसह ४१२ ते ४१४ ग्रॅम भरतात. नवे ३९६, ३९७, ३९९ आणि ३९६. मूळचे तीन रॉड ५९९, ६०० आणि ५९८ ग्रॅमचे आहेत, पण बदली आणलेला रॉड ६१७ ग्रॅमचा आहे. स्ट्रोक ८० मिमी आणि रॉडची लांबी, म्हणजे दोन्ही भोकांच्या केंद्रांमधले अंतर, १३५ मिमी.

काम करणारे अनुभवी मेकॅनिक म्हणतात की चार सिलिंडरचे इंजिन स्वतःच स्वतःला सांभाळून घेते आणि बॅलन्सिंग, म्हणजे कंप कमी करण्यासाठी या भागांची वजने जुळवणे, हा शर्यतीच्या इंजिनांचा विषय आहे. दुसरीकडे क्रँक ग्राइंड करणाऱ्यांनी संपूर्ण संच बॅलन्स करून घेण्याचा आग्रह धरला. दोघांनाही कामाची जाण आहे, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला ठरवता येत नाही. हे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वर कधी जाणार नाही. पिस्टन हलके झाल्यामुळे क्रँकची काउंटरवेट, म्हणजे रॉड बसतो त्याच्या विरुद्ध बाजूची तोलाची वजने, आता जड ठरतील का, आणि त्या एका रॉडचे काय करावे, हे मला प्रामुख्याने समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपण तोलून आकडे मांडलेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.

आपल्या दोन्ही सल्लागारांचे म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे. रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जातात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात. क्रँकच्या एका फेऱ्याला एकदा येणारा जो जोर असतो, ज्याला आपण प्राथमिक जोर म्हणतो, तो त्यामुळे आपापसात फिटतो. चारही पिस्टन सारखेच हलके झाले तरी ही वजाबाकी शून्यच राहते. म्हणून नवे पिस्टन सोळा ग्रॅमने हलके असल्याची चिंता आपण करू नये. या रचनेत क्रँक एकटाच, कोणतेही नकली वजन न अडकवता बॅलन्स केला जातो. मुख्य बेअरिंगवरचा भार आणि क्रँकचे वाकणे कमी करणे हे त्याच्या काउंटरवेटचे मुख्य काम असते.

पण ही वजाबाकी शून्य येण्यासाठी चारही रकमा सारख्या असाव्या लागतात, आणि आपला तिसरा रॉड नेमका तिथे आड येतो. जोराचे गणित सोपे आहे: वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. स्ट्रोक ८० मिमी असल्याने त्रिज्या ४० मिमी, आणि मिनिटाला ६००० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला सुमारे ६२८ रेडियन. अठरा ग्रॅम जास्तीचे वजन त्या वेगाला सुमारे २८४ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९ किलोचा जोर निर्माण करते. हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे ३००० फेऱ्यांना तो ७ किलोवर येतो आणि ८०० फेऱ्यांच्या आयडलला जेमतेम अर्धा किलो उरतो. ज्यांचे इंजिन आयडललाच हादरते त्यांनी बॅलन्सिंगकडे वळण्याआधी स्पार्क, इंजेक्टर, कॉम्प्रेशनमधली तफावत आणि इंजिनचे माउंट तपासावेत, असे मी नेहमी सांगतो, त्याचे कारण हेच.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कनेक्टिंग रॉड तिरका होत जात असल्यामुळे पिस्टनची गती वरच्या अर्ध्या भागात जास्त आणि खालच्या अर्ध्या भागात कमी असते. त्यातून एका फेऱ्यात दोनदा येणारा दुय्यम जोर तयार होतो, आणि तो चारही सिलिंडरांत एकाच दिशेने असल्यामुळे फिटण्याऐवजी साठत जातो. आपल्या मापांवरून, पिस्टन आणि रॉडचे वरचे टोक मिळून ५६८ ग्रॅम धरले, तर ६००० फेऱ्यांना हा जोर सुमारे १०,६०० न्यूटन, म्हणजे हजार किलोच्या वर जातो. जगातले कोणतेही बॅलन्सिंग मशीन तो काढू शकत नाही. पिस्टन हलके झाल्याने तो तीन टक्क्यांच्या आसपास कमी झाला आहे, तेवढा फायदा मात्र आपल्याला न मागता मिळाला.

एवढ्या मोठ्या जोरापुढे २९ किलोची काय मातब्बरी, असे वाटू शकते, पण दोन्हींची वारंवारता वेगळी आहे. रबरी माउंट जितकी वारंवारता जास्त तितका कंप चांगला अडवतात. फेऱ्याला एकदा येणारा कंप त्यातून तुलनेने सहज पार होतो आणि स्टिअरिंगवर व सीटवर जाणवतो. म्हणून तो रॉड तसाच बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातले गणित पटते. त्यात मी हाताच्या कामाची भर घालतो.

रॉडचे एकूण वजन जुळले म्हणजे रॉड जुळला असे होत नाही. खालचे, म्हणजे क्रँकवर बसणारे मोठे टोक गोल फिरते आणि वरचे, गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली जाते, म्हणून दोन्ही टोके वेगवेगळी तोलावी लागतात. त्यासाठी एक टोक बारीक बेअरिंगवर टांगायचे, दुसरे काट्यावर टेकवायचे आणि रॉड अगदी आडवा, पाणसळीत ठेवायचा. मग रॉड उलटा करून दुसरे टोक तोलायचे. दोन्ही टोकांची बेरीज एकूण वजनाइतकी आली नाही, तर मांडणीत कुठेतरी चूक आहे असे समजून पुन्हा सुरुवात करायची. ही बेरीज न तपासता खरड सुरू करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे रॉड पुढे कधीच जुळत नाहीत. तोलताना प्रत्येक रॉड त्याच्या स्वतःच्या कॅपसह, म्हणजे मोठ्या टोकाच्या सुट्या होणाऱ्या अर्ध्या भागासह, आणि जे बोल्ट शेवटी बसणार आहेत त्यांच्यासहच तोलावा. कॅप कधीही अदलाबदल करू नये. तोडून बनवलेल्या, म्हणजे कॅपची सांध खडबडीत असलेल्या रॉडमध्ये तर ते शक्यच नसते.

धातू काढायचा तो सर्वांत हलक्या रॉडशी जुळेपर्यंत, आणि तोही उत्पादकाने त्यासाठी सोडलेल्या उंचवट्यावरूनच: मोठ्या टोकासाठी कॅपच्या तळाशी, लहान टोकासाठी भोकाच्या माथ्यावर. दांड्याला हात लावू नये. घासण्याचे ओरखडे रॉडच्या लांबीच्या दिशेने जावेत आणि शेवटी गुळगुळीत करावेत, कारण आडवा ओरखडा म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. पिस्टनमध्ये गजन पिनच्या आधाराखालच्या जाड भागातून धातू काढतात. माथ्याच्या आतल्या बाजूला मात्र कधीही नाही, कारण तिथली जाडी उष्णता आणि दाब सोसण्यासाठी ठेवलेली असते. तीन ग्रॅमचा फरक असलेला तो एक पिस्टन पिनांची अदलाबदल करूनही कदाचित एका ग्रॅमच्या आत येईल, म्हणून पिस्टन आणि पिन वेगळे तोलून पाहा. मात्र पिन पिस्टनच्या मापाला निवडून दिलेल्या असतील, तर हा मार्ग सोडून द्यावा.

आता तो ६१७ ग्रॅमचा रॉड. अठरा ग्रॅम पोलाद म्हणजे दोन घन सेंटिमीटरहून अधिक धातू. कॅपच्या उंचवट्यावर एवढा धातू सहसा नसतो, आणि बळेच काढला तर कॅप कमकुवत होते. अनेक उत्पादक रॉड वजनाच्या गटांत विभागून त्यावर रंगाची किंवा अक्षराची खूण करतात; आपल्याला वेगळ्या गटातला रॉड मिळाला असावा. आपल्या तीन रॉडांवरची खूण पाहून त्याच गटातला चौथा शोधणे हा योग्य मार्ग आहे. तो मिळाल्यावर त्याची लांबी, वाक आणि पीळ तपासून घ्यायला विसरू नका, कारण जुन्या इंजिनातून निघालेल्या रॉडचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

प्रतिसाद ३

इथे वाचणाऱ्या काही जणांकडे व्ही आकाराची इंजिने असतील, म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो: पिस्टन सारखेच हलके झाले तर चिंता नाही, हा निष्कर्ष व्ही-८ ला लावू नये. तिथे तो पूर्ण उलटा ठरतो.

नव्वद अंशांच्या व्ही-८ मध्ये एकाच क्रँकपिनवर दोन रॉड बसतात आणि त्यांचे पिस्टन एकमेकांशी काटकोनात चालतात. त्या दोन पिस्टनांचे प्राथमिक जोर एकत्र केले की त्यांची बेरीज क्रँकबरोबर फिरणारा, कायम एकाच मापाचा जोर होते, आणि त्याचे माप एका पिस्टनच्या जोराएवढे असते. फिरणारा जोर काउंटरवेटने पूर्ण फेडता येतो. म्हणूनच क्रँक मशीनवर चढवताना प्रत्येक क्रँकपिनवर जे नकली वजन अडकवतात, ज्याला बॉबवेट म्हणतात, त्यात फिरते वजन पूर्ण आणि वर-खाली जाणारे वजन निम्मे धरतात. हे निम्मे म्हणजे तडजोड आहे असे अनेकांना वाटते. नव्वद अंशांच्या व्ही मध्ये ते गणिताचे नेमके उत्तर आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मोठे टोक ४३० ग्रॅम आणि बेअरिंगचे शेल ४५ ग्रॅम, असे दोन रॉडांचे ९५० ग्रॅम; क्रँकमध्ये राहणाऱ्या तेलासाठी ४ ग्रॅम. वर-खाली जाणाऱ्या भागांत पिस्टन ४८०, पिन १२०, रिंगा ४०, पिनचे लॉक २ आणि लहान टोक १९०, म्हणजे एका बाजूचे ८३२ ग्रॅम; दोन बाजूंचे निम्मे केले की पुन्हा ८३२. बॉबवेट झाले १७८६ ग्रॅम. आता पिस्टन ४० ग्रॅमने हलका आला, तर बॉबवेट तेवढ्याच ४० ग्रॅमने उतरते आणि काउंटरवेट खरोखरच जड ठरतात. मग त्यांना भोके पाडून वजन उतरवावे लागते. पोलादात १२ मिमी व्यासाचे, १० मिमी खोल भोक सुमारे ९ ग्रॅम काढते. उलट पिस्टन किंवा रॉड जड आले, तर काउंटरवेटमध्ये टंगस्टनच्या मिश्रधातूचे तुकडे बसवतात, आणि ते क्रँकच्या अक्षाला समांतर भोकात बसवतात, म्हणजे फिरण्याच्या जोराने बाहेर निसटण्याची वाट त्यांना उरत नाही.

काही इंजिनांत काउंटरवेटला जागा अपुरी पडल्यामुळे उरलेले वजन बाहेर, पुढच्या डॅम्परवर (क्रँकच्या पुढच्या टोकाच्या पुलीवर) आणि मागच्या फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चाकावर) ठेवलेले असते. शेव्हरोलेचे ४०० घन इंचांचे स्मॉल ब्लॉक त्यापैकी एक. फोर्डच्या ३०२ मध्ये तर बाहेरचे हे वजन (वजन गुणिले केंद्रापासूनचे अंतर या मापात) आधी २८ औंस-इंच होते आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० औंस-इंच झाले. दोन्ही काळांतले फ्लायव्हील एकमेकांच्या क्रँकवर बसतात, पण असे चुकीचे जोडले की २२ औंस-इंचांचा, म्हणजे जवळजवळ १५,८०० ग्रॅम-मिमीचा असमतोल तयार होतो. अशी इंजिने बॅलन्स करायला देताना डॅम्पर आणि फ्लायव्हील सोबत देणे अनिवार्य आहे.

प्रतिसाद ४

मी गेली अनेक वर्षे इंजिने बांधतो आणि त्यातली बहुतेक बॅलन्सिंग मशीनवर न चढवता चालू केलेली आहेत. ती उत्तम चालली. त्याचे कारण नशीब नसून, मूळ उत्पादकाने क्रँक कारखान्यात बॅलन्स केलेला असतो आणि सर्व जर्नल सारखेच ग्राइंड केले तर तो बिघडत नाही. एकाच संचातले पिस्टन आणि मूळचेच रॉड असतील, तर तोलून खात्री करणे पुरेसे आहे. मशीनचा खर्च कुठे करावा हे काट्याने ठरवावे. या धाग्यातील रॉड मात्र मीही बसवला नसता.

प्रतिसाद ५

किती जुळले म्हणजे पुरे, हा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही. फिरत्या भागांच्या बॅलन्सिंगसाठी आयएसओ १९४० हे मानक प्रचलित होते, त्याची जागा २०१६ मध्ये आयएसओ २१९४०-११ ने घेतली. त्यात जी या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या प्रती आहेत; आकडा जितका लहान तितकी प्रत काटेकोर. मोटारीच्या चाकांसाठी जी ४० सांगितलेली आहे. त्याहून पुष्कळ काटेकोर अशी जी ६.३ आपण क्रँकसाठी धरली, तर १५ किलोच्या क्रँकला ६००० फेऱ्यांना सुमारे १५० ग्रॅम-मिमी असमतोल चालतो. काउंटरवेटच्या ६० मिमी त्रिज्येवर तो अडीच ग्रॅम होतो, आणि दोन टोकांत वाटला तर प्रत्येकी सव्वा ग्रॅम. रोजच्या वापराच्या इंजिनात पिस्टन आणि रॉड एका ग्रॅमच्या आत जुळवणे म्हणूनच समंजस आहे. त्यापुढे दशांश ग्रॅमसाठी धातू घासण्यात वेळ घालवू नये.

घरी दोन धारदार, समतल पट्ट्यांवर क्रँक ठेवून तो कुठे थांबतो हे पाहण्याची पद्धत काही जण वापरतात. त्यातून फक्त स्थिर असमतोल कळतो. क्रँकच्या पुढच्या टोकाला एका बाजूस दहा ग्रॅम आणि मागच्या टोकाला विरुद्ध बाजूस दहा ग्रॅम जास्त असतील, तर पट्ट्यांवर तो कुठेही शांत उभा राहील, पण फिरू लागताच दोन्ही टोके आळीपाळीने विरुद्ध दिशांना ओढली जातील. लांब क्रँकला म्हणूनच दोन प्रतलांत मोजणारे मशीन लागते. फ्लायव्हील मात्र चपटे असल्यामुळे त्याच्यासाठी स्थिर पद्धत बहुतांशी चालते.

आणि फ्लायव्हीलकडेच लोकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आठ किलोचे फ्लायव्हील केंद्रापासून केवळ ०.०५ मिमी सरकून बसले, तर ४०० ग्रॅम-मिमी असमतोल झाला, जो वर सांगितलेल्या संपूर्ण क्रँकच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त आहे. बसण्याची जागा आणि क्रँकचे टोक स्वच्छ, बिनगंजाचे असावे, हे सांगण्यामागे एवढे मोठे कारण आहे.

प्रतिसाद ६

फ्लायव्हीलचा उल्लेख आला म्हणून माझा अनुभव लिहितो. माझ्या गाडीचे इंजिन एका कार्यशाळेत बांधून घेतले होते आणि क्रँक, फ्लायव्हील, क्लचचे कव्हर असे सगळे मशीनवर एकत्र बॅलन्सही करून आणले होते. गाडी हाती आल्यावर २८०० फेऱ्यांच्या पुढे पायाखाली स्पष्ट कंप जाणवू लागला. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये वेग वाढवला तरी तो तसाच येत असे, म्हणजे चाके आणि शाफ्ट यांचा त्यात संबंध नव्हता.

गिअरबॉक्स उतरवल्यावर कारण सापडले. क्लचचे कव्हर केंद्रात धरणाऱ्या तीन डोवेल पिनांपैकी दोन जोडणीच्या वेळी बसवल्याच नव्हत्या, त्यामुळे ते बोल्टच्या भोकांमधल्या मोकळीकीएवढे सरकून घट्ट झाले होते. शिवाय बॅलन्स करताना ज्या खुणांवर ते बसवले होते, त्या खुणाही जुळत नव्हत्या. पाच किलोचे कव्हर ०.२ मिमी सरकले तर हजार ग्रॅम-मिमी होतात, हे वरच्या गणितावरून आज लक्षात येते. पिना घालून, खुणेवर खूण ठेवून कव्हर बसवले आणि कंप गेला. मशीनवरच्या कामात काहीच खोट नव्हती. ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी फ्लायव्हील, कव्हर आणि पुली यांवर पुसल्या न जाणाऱ्या खुणा स्वतःसमोर करून घ्याव्यात आणि जोडणीच्या वेळी शक्य असल्यास जवळ उभे राहावे, असे कळकळीने सुचवतो.

पुढच्या पुलीतला रबराचा डॅम्परही त्याच वेळी पाहावा. त्याचे मूळ काम क्रँकचे पिळवटणे शोषून घेण्याचे आहे, बॅलन्सचे नव्हे. पण रबर सुटून बाहेरचे कडे फिरले असेल, तर टायमिंगची खूण खोटी ठरते, आणि ज्या इंजिनांत बाहेरचे वजन त्या कड्यावर असते तिथे तेही भलतीकडे जाते.

प्रतिसाद ७

तीन सिलिंडरवाल्यांसाठी एक सावधगिरी. त्या रचनेत जोर आपापसात फिटतात, पण इंजिन टोकापासून टोकापर्यंत डुलवणारे बलयुग्म, म्हणजे विरुद्ध दिशांच्या दोन जोरांची जोडी, उरते. काही उत्पादक ते बॅलन्स शाफ्टने फेडतात, तर काही जण पुली आणि फ्लायव्हील मुद्दाम असमतोल ठेवून त्या डुलण्याची दिशा बदलतात. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात हाच उपाय आहे. असे फ्लायव्हील सुटे मशीनवर चढवून कोणी चांगल्या हेतूने शून्यावर आणले, तर उत्पादकाने केलेली सारी योजना नाहीशी होते.

चार सिलिंडरमध्ये दुय्यम जोर फेडण्यासाठी क्रँकच्या दुप्पट वेगाने विरुद्ध दिशांना फिरणारे दोन शाफ्ट ही फ्रेडरिक लँचेस्टर यांची कल्पना. मित्सुबिशीने १९७५ मध्ये ती सायलेंट शाफ्ट या नावाने आणली आणि पोर्शेने ९४४ साठी तिचा परवाना घेतला. असे शाफ्ट असलेले इंजिन बांधताना त्यांच्या खुणा दोनदा पाहाव्यात. दोन्ही शाफ्ट अर्ध्या फेऱ्याने चुकले, तर ते दुय्यम जोर फेडण्याऐवजी त्यात तेवढीच भर घालतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टोके वेगळी तोलली. मूळच्या पहिल्या रॉडचे मोठे टोक ४२८ आणि लहान टोक १७१ ग्रॅम भरले. बदली रॉडचे ४४२ आणि १७५. म्हणजे जास्तीच्या अठरापैकी चौदा ग्रॅम मोठ्या टोकाला होते. त्यावरची रंगाची खूणही वेगळी निघाली. तो परत केला आणि दोन आठवड्यांच्या शोधानंतर मूळच्या खुणेचा रॉड मिळाला: एकूण ६०१, मोठे टोक ४२९.५ आणि लहान टोक १७१.५. वाक आणि पीळ तपासून घेतला, दोन्ही योग्य आहेत. कॅपच्या उंचवट्यावरून दीड ग्रॅम काढून त्याचे मोठे टोक ४२८ वर आणले. मूळचे दुसरे दोन रॉडही त्याच रीतीने तोलून जुळवले. चौघांची मोठी टोके आता एका ग्रॅमच्या आत आहेत आणि लहान टोके अर्ध्या ग्रॅमच्या.

पिस्टनांच्या बाबतीत पिनांची अदलाबदल उपयोगी पडली. ३९९ ग्रॅमच्या पिस्टनची पिनच दोन ग्रॅमने जड होती. ती ३९६ वाल्या एका पिस्टनची पिन घेऊन बदलल्यावर एक ३९७ आणि दुसरा ३९८ झाला. पिस्टनवर बाकी काहीही घासले नाही, फक्त ३९८ चा पिस्टन आणि ३९६ चा पिस्टन यांतला फरक उरला होता, तो आधाराखालच्या जाड भागातून एक ग्रॅम काढून कमी केला.

क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचचे कव्हर एवढेच मशीनवर दिले. क्रँक जवळजवळ निर्दोष निघाला. असमतोल जो होता तो फ्लायव्हीलमध्ये होता आणि त्याला कडेला दोन भोके पाडावी लागली. तिन्हींवर छिन्नीने खुणा करून घेतल्या आहेत. काम झाल्यावर क्रँकचे तेलाचे मार्ग ब्रशने आणि दाबाच्या हवेने तीनदा साफ केले. पहिल्या वेळी धातूचा बारीक कीस निघाला, तिसऱ्या वेळी काहीच निघाले नाही. उद्या सकाळी मुख्य बेअरिंगांपासून जोडणीला सुरुवात करतो आहे.